नवे स्पीकर : किती मोठा आवाज सुरक्षित?

घरात नवे स्पीकर आले की दोन प्रकारची मंडळी दिसतात. काही जण पहिल्याच दिवशी आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवून स्पीकरचा 'दम' पाहतात. तर काही जण 'फाटतील' म्हणून बटणाला कुणाला हातही लावू देत नाहीत. समज मात्र दोघांचाही एकच असतो : मोठ्या वॅटचा अॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो, लहान वॅटचा निर्धोक असतो. वस्तुस्थिती तशी नाही. लहान अॅम्प्लिफायर ताणून वाजवल्यानेही स्पीकर जळतात. असे का होते, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारे पाहू.

स्पीकरच्या आत काय घडते?

आजच्या बहुतेक स्पीकरची मूळ रचना १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी प्रसिद्ध केली. चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे, म्हणजे कॉइल असते आणि ती कागदी किंवा प्लॅस्टिकच्या शंकूला चिकटवलेली असते. कॉइलमधून प्रत्यावर्ती विद्युतधारा गेली की ती पुढेमागे हलते, शंकू हवेला ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

वर्गात हे सहज दाखवता येईल. जुन्या रेडिओतला स्पीकर उताणा ठेवा, शंकूवर थर्मोकोलचे बारीक दाणे टाका आणि १.५ व्होल्टचा सेल क्षणभर त्याच्या टोकांना लावा. शंकू एका बाजूला सरकेल. सेल उलटा लावला तर दुसऱ्या बाजूला सरकेल.

या यंत्राची कार्यक्षमता फार कमी असते. घरगुती स्पीकरला दिलेल्या विद्युत ऊर्जेचा बहुधा शेकडा एक भागही ध्वनीत रूपांतरित होत नाही. बाकीची जवळजवळ सगळी उष्णता होते, आणि तिचा बराचसा भाग त्या बारीक कॉइलमध्ये. स्पीकर बिघडण्याची दोन मुख्य कारणे यातून कळतात. एक, कॉइल अति तापून जळणे. दुसरे, शंकू मर्यादेपलीकडे हलून कॉइल आपटणे किंवा कडा फाटणे. दुसरा धोका ढोलासारख्या खर्जातल्या आवाजांना अधिक असतो. आवाजाची तीव्रता तेवढीच ठेवून वारंवारता १०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर आणली, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते.

कापलेली शिखरे

समजा, आपला अॅम्प्लिफायर २० वॅटचा आहे व स्पीकर ८ ओहमचा. २० वॅट देताना स्पीकरवरील व्होल्टेज सुमारे १८ व्होल्टच्या शिखरापर्यंत जाते. बटण आणखी फिरवले की अॅम्प्लिफायरकडे याहून जास्त व्होल्टेज मागितले जाते. पण त्याच्या वीजपुरवठ्याची मर्यादा तेवढीच! मग तरंगाचा माथा सपाट होतो, जणू कुणी कात्रीने शिखरे कापली आहेत.

विद्यार्थ्यांना आलेखकागदावर साइन वक्र काढायला सांगावे व त्याची शिखरे आडव्या रेघेने कापायला लावावीत. वक्र हळूहळू चौकोनी तरंगासारखा दिसू लागतो. त्याच १८ व्होल्टचा पूर्ण चौकोनी तरंग ८ ओहममध्ये सुमारे ४० वॅट शक्ती देतो. म्हणजे '२० वॅट'चा अॅम्प्लिफायर बेसुमार ताणला, तर जवळजवळ दुप्पट उष्णता निर्माण करू शकतो.

शिवाय कापलेल्या तरंगात मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा नव्या वारंवारता शिरतात. त्यांतल्या वरच्या थेट ट्वीटरकडे जातात. खर्जाची शिखरे कापली जात असताना तारस्वर मात्र बटणाबरोबर वाढतच राहतात, हेही त्यात मिळते. नेहमीच्या संगीतात तारस्वरांच्या वाट्याला थोडीच शक्ती येते, म्हणून ट्वीटरची कॉइल अगदी नाजूक केलेली असते. खोक्यावर ६० वॅट लिहिलेले असले, तरी ट्वीटर स्वतः सतत काही थोडेच वॅट सोसू शकतो. जळतो तो बहुधा पहिल्यांदा तोच.

स्पीकर आधी इशारा देतो

'स', 'श' यांसारखे वर्ण कर्कश होणे, गायकाचा आवाज फाटणे, ढोलाबरोबर 'टक्' असा आपटल्याचा आवाज येणे, हे सारे धोक्याचे इशारे आहेत. बटण फिरवूनही आवाज न वाढणे हा आणखी एक. तांब्याची कॉइल २० अंशांवरून २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर तिचा रोध सुमारे ७० टक्के वाढतो. त्यामुळे धारा घटते, आवाज दबतो, आणि ऐकणारा नेमके तेव्हाच बटण आणखी फिरवतो! अशा वेळी बटण मागे घेणे हाच उपाय.

काही साध्या गोष्टी पाळाव्यात. तारा जोडताना अॅम्प्लिफायर बंद ठेवावा. तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकू देऊ नये. अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावा व सर्वांत आधी बंद करावा. 'बास' वाढवताना जपून. तो १० डेसिबेलने वाढवणे म्हणजे खर्जासाठी दहापट शक्ती मागणे. 'पीएमपीओ'च्या हजारो वॅटना भुलू नये, 'आरएमएस' वॅट पाहावेत. बटण अर्ध्यावर आहे म्हणजे शक्ती अर्धी, असेही नाही. ध्वनिमुद्रण जोरदार असेल तर अर्ध्यावरच पूर्ण शक्ती लागू शकते. नव्या स्पीकरच्या कडा थोड्या ताठ असतात, म्हणून पहिले काही तास मध्यम आवाजात वाजवायला हरकत नाही. पण कॉइल जळण्याचे नियम नव्याजुन्याला सारखेच.

आधी कोण हरते?

समजा, एक वॅटला एक मीटर अंतरावर आपला स्पीकर ८७ डेसिबेल आवाज देतो. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबेल वाढतो. म्हणजे २ वॅटला ९०, ४ वॅटला ९३, ८ वॅटला ९६ डेसिबेल. आता कानाची मर्यादा पाहू. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेने १९९८ मध्ये कामगारांसाठी शिफारस केली, की ८५ डेसिबेल आवाजात दिवसाला आठ तासांहून अधिक राहू नये, आणि दर ३ डेसिबेल वाढीला वेळ निम्मा करावा. त्यानुसार ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास. म्हणजे अवघ्या ८ वॅटला, एक मीटरवर बसलेल्या माणसाचा दिवसाचा वाटा पाऊण तासाच्या आतच संपतो. स्पीकर तर अजून नीट तापलाही नसतो!

शेजाऱ्यांचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही परिसराची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.

जळलेला ट्वीटर काही रुपयांत बदलता येतो. आपल्या प्रत्येक कानातील कर्णावर्तात मात्र सुमारे १५,००० केसपेशी असतात आणि माणसात त्या नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. गाणे संपल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर तो कानाचा इशारा समजावा. विद्यार्थ्यांना स्पीकरचे इशारे शिकवताना हाही आवर्जून सांगावा, असे आम्हांला वाटते.