मातींतील पाण्याचा माग

शेताला पाणी दिलें कीं तें जमिनींत मुरतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुरलेलें पाणी पुढें कोठें जातें? तें पिकाच्या मुळांशीं थांबतें, कीं त्यांस ओलांडून खोल निघून जातें? खणून पाहावें, तर तेथील मातीची घडणच मोडते, आणि उद्यां तीच जागा पुन्हां तपासतां येत नाहीं. जमीन न उकरतां हें जाणण्याचा एक मार्ग विजेनें दाखविला आहे.

शाळेंत मी मुलांना एक साधा प्रयोग दाखवीत असें. ऊर्ध्वपातित पाण्यांत बॅटरीच्या तारा बुडविल्या, तर जोडलेला छोटा दिवा लागत नाहीं. त्या पाण्यांत पुरेसें मीठ विरघळविलें, कीं मिणमिणूं लागतो. मातीचेंहि असेंच आहे. वाळूचे कण वीज जवळजवळ वाहूं देत नाहींत. कणांमधील पोकळ्यांत जें क्षारयुक्त पाणी असतें, त्यांतूनच ती मुख्यतः वाहते. म्हणून कोरडी माती विजेस फार अडविते, ओली कमी. या अडवणुकीस रोध म्हणतात.

तो मोजावा कसा? फ्रँक वेन्नर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१५ सालीं चार सळयांची पद्धति मांडली. सळया एका ओळींत, सारख्या अंतरावर रोवावयाच्या. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडावयाचा आणि आंतल्या दोहोंमधील विजेचा दाब मोजावयाचा. सळयांमधील अंतर वाढविलें, कीं अधिक खोल मातीचा प्रभाव मापांत उतरतो. पाणी देण्यापूर्वीं आणि नंतर ठराविक वेळानें त्याच जागीं मापें घ्यावींत. प्रथम जवळ रोवलेल्या सळयांचें माप अधिक उतरतें. वरचा थर सुकूं लागून तें पुन्हां चढूं लागलें, तरीहि दूरच्या सळयांचें माप उतरतच राहिलें, तर पाणी खालीं सरकत आहे असें समजावें. आज अनेक सळया केबलनें जोडून संगणकाच्या साहाय्यानें भूमीचा उभा छेदच रेखाटतां येतो.

दुसरा उपाय अधिक सोपा आहे. बुयुकोस आणि मिक यांनीं १९४० सालीं मिशिगन येथें जिप्समच्या लहान ठोकळ्यांचा उपयोग सुचविला. ठोकळ्यांत दोन विद्युदग्रें बसविलेलीं असतात. असे ठोकळे निरनिराळ्या खोलीवर पुरले, म्हणजे ओल कोणत्या थरास केव्हां पोहोंचली, हें कळतें.

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. वीज पाणी मोजीत नाहीं, ती रोध मोजते. क्षार वाढले, तरी रोध घटतो. चिकणमाती अधिक असली, तरी घटतो. आणि तपमान एक अंश सेल्सियसनें वाढलें, तरी सुमारें २ टक्क्यांनीं घटतो. नीरा कालव्याच्या प्रदेशांत अतिरिक्त पाण्यानें जमिनी क्षारपड झाल्याचा अनुभव जुना आहे. तेथें कमी रोध पाहून ‘ओल भरपूर आहे’ असें म्हणणारा फसेल, आणि क्षारानें पोळणारें पीक वेळेवर पाणी न मिळाल्यानें अधिकच सुकेल. म्हणून त्याच जागेची मूठभर माती १०५ अंशांवर सुकवून, आधींच्या व नंतरच्या वजनांतील फरकानें ओल काढावी. तिचे क्षारहि तपासावेत, आणि मगच यंत्राच्या आंकड्याचा अर्थ लावावा.

यंत्र साक्ष देतें. न्याय आपण करावयाचा असतो.