मेल पाठवताय? आधी कुलूप लावा!
दुकान सुरू केलं तेव्हा कामगारांचे आधार, पॅन, बँक खाती मी सीएंना साध्या मेलवर पाठवायचो. एकदा पत्त्यात एक अक्षर चुकलं आणि चार जणांची कागदपत्रं भलत्याच माणसाकडे गेली. परत कशी मागणार?

जीमेल मेलला वाटेत संरक्षण देतं, पण पोचल्यावर ज्याच्या हाती पडला तो वाचतोच. एन्क्रिप्शन म्हणजे मजकुरालाच कुलूप. किल्ली असेल तोच उघडणार.

मग करायचं काय?

१. पीडीएफ बनवताना उघडण्याचा पासवर्ड टाका. तो त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.
२. नेहमीची देवाणघेवाण असेल तर प्रोटॉन मेल बघा. दोघांचं खातं तिथे असेल तर मेल आपोआप एन्क्रिप्ट होतो. समोरच्याचं नसेल तर मेलला पासवर्ड लावता येतो.
३. विषयाच्या ओळीला हे कुलूप लागत नाही. तिथे खाते क्रमांक नको.
४. तुम्हाला कुलूपबंद मेल आला, तर आधी ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री करा, मगच उघडा.

कामगार कागद देतो तो विश्वासाने. तो सांभाळणं हाही धंदाच आहे!