ग्रहांचे प्रदक्षिणाकाल : शनी सावकाश का चालतो?

गतवर्षी मृग नक्षत्र लागण्यास आठ दिवसांचा अवकाश असता सेमाडोहच्या आसपासचे एक शेतकरी गृहस्थ आमचेकडे आले. त्यांची जमीन थोडी, बैलजोडी एक, व डोक्यावर मागील सालचे थोडेबहुत देणे. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून आम्ही कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बाबूजी, साडेसाती लागली म्हनते मले. परतवाड्याच्या बाजारात एक बैल इकतो अन् शांती करून घेतो." ऐन पेरणीच्या तोंडी जोडीतील एक बैल विकणे म्हणजे शेत पडीक ठेवणे किंवा दुसऱ्याच्या दारी जोडीसाठी ताटकळणे होय. महसुली खात्यात आमचे उभे आयुष्य खातेवह्या व पाहणीपत्रके लिहिण्यात गेले. त्या अनुभवावरून सांगतो की, वेळेवर न झालेली पेरणी ही कोणत्याही ग्रहापेक्षा अधिक पीडा देते. म्हणून त्या गृहस्थांस बसवून घेतले व ग्रहांचा हिशोब कागदावर मांडून दाखविला. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहो. कोणाच्या श्रद्धेचा उपहास करावा हा आमचा हेतू नाही.

सूर्याभोवती आठ ग्रह फिरतात. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. हे अंतर १ धरले असता प्रत्येक ग्रहाचे सूर्यापासून अंतर, प्रदक्षिणेचा काल व दर सेकंदाचा वेग येणेप्रमाणे आहे :

बुध : अंतर ०.३९, काल ८८ दिवस, वेग ४७ किलोमीटर.
शुक्र : अंतर ०.७२, काल २२५ दिवस, वेग ३५ किलोमीटर.
पृथ्वी : अंतर १, काल ३६५¼ दिवस, वेग ३० किलोमीटर.
मंगळ : अंतर १.५२, काल ६८७ दिवस, वेग २४ किलोमीटर.
गुरू : अंतर ५.२०, काल ११.८६ वर्षे, वेग १३ किलोमीटर.
शनी : अंतर ९.५४, काल २९.४६ वर्षे, वेग ९.७ किलोमीटर.
युरेनस : अंतर १९.२, काल ८४ वर्षे, वेग ६.८ किलोमीटर.
नेपच्यून : अंतर ३०.१, काल १६५ वर्षे, वेग ५.४ किलोमीटर.

शेवटचे दोन ग्रह दुर्बिणीच्या साहाय्याने अनुक्रमे १७८१ व १८४६ साली सापडले. नेपच्यूनची शोध लागल्यापासूनची पहिली प्रदक्षिणा २०११ साली पुरी झाली. बाकीचे ग्रह आपल्या पूर्वजांस पूर्ण परिचित होते व त्यांचे काल त्यांनी किती बारकाईने मोजले होते हे पाहून मन थक्क होते. सूर्यसिद्धान्तात ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात गुरूचे ३,६४,२२० व शनीचे १,४६,५६८ भगण, म्हणजे राशिचक्रातील फेरे, सांगितले आहेत. भागाकार करून पाहावा; गुरूस ११.८६ व शनीस २९.४७ वर्षे येतात. दुर्बीण नसताना केवळ डोळ्यांनी व पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिकाटीने हे साधले!

मात्र काल किती हे कळले, तरी तितकाच का हा प्रश्न उरतो. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे. या ग्रंथात व इतर सिद्धान्तांत असे धरले आहे की, सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात. ज्याचा मार्ग लांब त्याला फेऱ्यास वेळ अधिक. ही कल्पना सरळ आहे, परंतु अर्धीच खरी आहे. शनीचा मार्ग पृथ्वीच्या मार्गाच्या साडेनऊपट लांब. चाल सारखी असती तर त्याचा फेरा साडेनऊ वर्षांत पुरा व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात साडेएकोणतीस वर्षे लागतात. याचा अर्थ असा की, त्याचा मार्ग लांब आहे, शिवाय त्याची चालही मंद आहे.

खळ्यावरील मळणी ज्यांनी पाहिली आहे त्यांस ही गोष्ट प्रथम उलटी वाटेल. मेढीभोवती बैल एकाच दाव्यात जोडलेले असतात. मेढीजवळचा बैल हळूहळू पाय टाकतो, व बाहेरच्यास त्याच वेळात मोठा फेरा पुरा करावयाचा असल्याने जवळजवळ धावावे लागते. ग्रह असे एका दाव्यात जोडलेले नाहीत. प्रत्येकाचा संबंध फक्त मेढीशी, म्हणजे सूर्याशी, आहे. आणि येथे आतला धावतो व बाहेरचा रेंगाळतो.

याचे कारण गोफणीवरून कळेल. गोफण गरगर फिरविताना धोंडा बाहेर निसटू पाहतो व हात त्यास आत ओढून धरतो. वेग वाढविला की हातास अधिक जोर लागतो. ग्रहाच्या बाबतीत दोरी नाही. सूर्याचे गुरुत्वाकर्षण हाच हात. न्यूटनने १६८७ साली दाखविले की, हे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले तर ते चौथाई होते, चौपट झाले तर सोळावा हिस्सा उरते. दुबळ्या हाताने जोराची गोफण आवरत नाही. दूरचा ग्रह पृथ्वीच्या वेगाने धावू लागला तर सूर्याच्या हातून निसटेल. वेग फारच कमी झाला तर आत ओढला जाईल. म्हणून ज्या अंतरावर तो वर्तुळाकार मार्ग धरून आहे, त्या अंतरास योग्य असा एकच वेग असतो.

आता हिशोब करू. एखादा ग्रह पृथ्वीच्या चौपट अंतरावर आहे असे समजा. त्याचा वेग निम्मा धरला तर त्याला आवरण्यास लागणारी ओढ चौथाई होते. मार्गाचा वळसा चौपट मोठा असल्याने ती पुन्हा चौथाई होते. एकूण ओढ सोळावा हिस्सा, आणि सूर्याकडे तेथे नेमकी तितकीच शिल्लक आहे. मेळ बसला. मार्ग चौपट, चाल निम्मी, म्हणून काल आठपट. केप्लर या जर्मन ज्योतिर्विदाने १६१९ साली प्रसिद्ध केलेला नियम हाच : कालाचा वर्ग हा अंतराच्या घनाइतका असतो. आठाचा वर्ग चौसष्ट व चाराचा घनही चौसष्ट. शनीचे ९.५४ हे अंतर तीन वेळा गुणिले तर ८६८ येतात, व २९.४६ चा वर्गही ८६८ च. ग्रहाच्या वजनाचा येथे संबंध नाही. गुरू पृथ्वीहून ३१८ पट जड आहे, तरी पृथ्वी त्याच्या जागी नेऊन ठेवली तर तिलाही एका फेऱ्यास बारा वर्षांच्या आसपासच लागतील.

या हिशोबातूनच आपल्याकडील मोठी पर्वे निघाली आहेत. गुरू साधारण एका वर्षात एक रास ओलांडतो, म्हणून नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ सुमारे बारा वर्षांनी येतो. पण गुरूचा फेरा पुऱ्या बारा वर्षांचा नाही. सात फेऱ्यांस ८४ ऐवजी ८३ वर्षेच लागतात. म्हणून हरिद्वारचा कुंभ १९२७ नंतर अकरा वर्षांनी, १९३८ साली भरला. पुढे बारा-बारा वर्षांनी भरत २०१० नंतर पुन्हा अकराव्या वर्षी, २०२१ साली भरला. १९३८ ते २०२१ ही बरोबर ८३ वर्षे होत.

साडेसातीचा उगमही तोच. शनीच्या साडेएकोणतीस वर्षांस बारा राशींनी भागले तर दर राशीस सुमारे अडीच वर्षे येतात. जन्मराशीची मागील, चालू व पुढील अशा तीन राशी मिळून साडेसात. शनैश्चर या नावाचा अर्थच मुळी हळू चालणारा. आता पाहा, बारांपैकी तीन राशी सदैव या फेऱ्यात असतात; म्हणजे कोणत्याही दिवशी सुमारे चौथा हिस्सा माणसे साडेसातीत असावयाचीच. चारशे वस्तीच्या गावात शंभर! त्या शंभरांत पीक साधलेलेही असतात व बुडालेलेही.

हे ऐकून ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बाबूजी, थो लांब हाय म्हनून धिमा चालते. माह्यावर राग नाही त्याचा." आम्ही म्हटले, "राग नाही व लोभही नाही." त्यांनी बैल विकला नाही, व मृगाच्या दुसऱ्या पावसावर जोडीने पेरणी केली.

शेतकऱ्याच्या कामाचा प्रदक्षिणाकाल एकच, तो म्हणजे पृथ्वीचा ३६५¼ दिवसांचा. त्याच्याच योगे सूर्य जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग नक्षत्रात दिसतो व बी-बियाण्याची लगबग सुरू होते. मेळघाटातील रात्री अजून काळ्याभोर असतात. सेमाडोहच्या अंगणातून गुरू व शनी नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतात. वाचकांनी शनी कोणत्या ताऱ्यांजवळ आहे ते यंदा टिपून ठेवावे व पुढील वर्षी त्याच दिवसांत पुन्हा पाहावे. तो फार थोडा सरकलेला आढळेल. ती चाल कोणाच्या प्रारब्धाने मंद झालेली नसून अंतराने मंद झालेली आहे, इतके मनात ठसले म्हणजे गोठ्यातील बैल गोठ्यातच राहतील.