शँक्लीसाहेब निवृत्त होतात

‘निवृत्ती’ हा शब्द आपल्या भाषेत मोठ्या घरचा आहे. ज्ञानेश्वरांच्या वडीलबंधूंचे आणि गुरूंचे ते नाव. प्रवृत्तीचा पसारा आवरून मन आत वळवणे, हा त्याचा मूळचा अर्थ. सरकारी कचेरीने हा शब्द उचलला, त्याच्याआधी ‘सेवा’ जोडली आणि शाल, श्रीफळ व हार यांच्यासह तो एका ठरावीक तारखेला माणसाच्या हवाली करण्याचा प्रघात पाडला. त्या तारखेला सेवा संपते, हे खरे. पण मन कॅलेंडर पाहून वळते थोडेच? दहाच्या ठोक्याला ज्याचे पाय आपोआप जुन्या कचेरीची वाट धरतात, असा एखादा पेन्शनर प्रत्येक आळीत असतो.

इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरी असाच एक पेन्शनर होऊन गेला. तो कारकून नव्हता, मामलेदारही नव्हता. तो फुटबॉल शिकवीत असे. नाव बिल शँक्ली. तिकडे अशा माणसाला ‘मॅनेजर’ म्हणतात. पण हा मॅनेजर हिशेबाच्या वह्या सांभाळणारा नव्हे. खेळाडू निवडायचे, त्यांना घडवायचे, मैदानात कोण कुठे उभा राहील ते ठरवायचे आणि संघ हरला की लोकांचे बोल खायचे, हे त्याचे काम.

शँक्लींचा जन्म 2 सप्टेंबर 1913 चा, स्कॉटलंडमधल्या ग्लेनबक या कोळशाच्या खाणींच्या खेड्यातला. घरात दहा भावंडे. पाच भाऊ, आणि पाचही व्यावसायिक फुटबॉल खेळले! चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि बिल खाणीवर कामाला लागला. फुटबॉलने त्याला तिथून बाहेर काढले. पुढे प्रेस्टन नॉर्थ एंड या संघातून खेळून त्याने 1938 चा एफ. ए. कप जिंकला. ज्या खेड्याने त्याला घडवले, ते मात्र खाणी बंद पडल्यावर ओस पडले. आज तिथे त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे, गाव नाही.

डिसेंबर 1959 मध्ये शँक्ली लिव्हरपूल क्लबात आले, तेव्हा हा संघ दुसऱ्या श्रेणीत खितपत पडला होता. मेलवुड हे सरावाचे मैदानही दुर्लक्षित होते. शँक्लींनी मैदान सुधारले, माणसे पारखली आणि 1962 मध्ये संघ पहिल्या श्रेणीत नेला. मग 1964, 1966 आणि 1973 साली लीगचे विजेतेपद. 1965 मध्ये क्लबाच्या इतिहासातला पहिला एफ. ए. कप, 1973 मध्ये युएफा कप, 1974 मध्ये पुन्हा एफ. ए. कप. शिकवण्याची रीत मात्र साधी. चेंडू जवळच्या गड्याला द्या आणि लगेच मोकळ्या जागी धावा. पाच-पाच जणांचे छोटे सामने हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. चाहत्यांची पत्रे आली की घरच्या टाइपरायटरवर स्वतः उत्तरे बडवीत बसत.

आणि 12 जुलै 1974 रोजी, ऐन भरात, या गृहस्थांनी आपण निवृत्त होत असल्याचे जाहीर केले! दूरचित्रवाणीचा एक वार्ताहर रस्त्यात लोकांना ही बातमी सांगू लागला, तर लोकांना ती थट्टाच वाटली. कारण गूढ नव्हते. वयाची साठी उलटली होती, थकवा आला होता, पत्नी नेसी हिच्या वाट्याला कधी न आलेला वेळ तिला द्यायचा होता. आपल्याकडेही निरोपसमारंभात अशीच कारणे सांगतात, आणि सांगणाऱ्याला ती खरीच वाटत असतात. ऑगस्टमध्ये वेंब्लीच्या मैदानावर संघाच्या पुढे चालण्याचा मान त्यांना अखेरचा मिळाला. मग घर.

घर होते वेस्ट डर्बी या भागातल्या बेलफील्ड अव्हेन्यूवर. लहानसे, शेजारच्या घराला भिंत लागून असलेले. कीर्ती वाढली तरी शँक्लींनी ते सोडले नव्हते. मौज अशी, की घराच्या मागेच प्रतिस्पर्धी एव्हर्टन संघाचे सरावाचे मैदान! आणि मेलवुडही त्याच वेस्ट डर्बीत. आता सांगा, अशा जागी राहणाऱ्या माणसाने सकाळी उठून करावे तरी काय?

शँक्लींनी तेच केले. सरावाचा पोशाख चढवला आणि मेलवुड गाठले. एक दिवस नव्हे, पुन्हा पुन्हा. खेळाडू त्यांना पाहताच ‘बॉस’ म्हणत. त्यांच्या जागी नेमलेले बॉब पेस्ली हे त्यांचे जुने सहायक. त्यांना मात्र खेळाडू नुसते ‘बॉब’ म्हणत. इथे खरी अडचण होती. सासूने कमरेच्या किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या, पण रोज सकाळी स्वयंपाकघरात येऊन आमटीची चव घेणे काही सोडले नाही, तर चूल कोणाची? सासूच्या मनात पाप नसते, सून कृतघ्न नसते. तरी भांड्याला भांडे लागतेच. शँक्लींनी मेलवुडला येऊ नये, हे कोणाच्या तरी मुखातून त्यांच्यापर्यंत पोचायला हवे होते, आणि ते पोचले.

ते त्यांच्या जिव्हारी लागले. 1976 मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ही खंत लपवली नाही. एव्हर्टनवाले आपल्याशी अधिक आपुलकीने वागतात, असे त्यांनी लिहिले. त्याच वर्षी ब्रूज येथे अंतिम सामन्याला क्लबाने बोलावले खरे, पण बाकीच्या मंडळींपासून वेगळ्या हॉटेलात उतरवले, हेही त्यांना झोंबले. मानापमानाचे हे प्रकरण लग्नघरातल्या व्याह्यांना तंतोतंत समजेल!

दोष कोणाचा, असा निवाडा करायला आपण कोण? पेस्लींनी पुढे नऊ वर्षांत सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन कप जिंकला. दोन बॉस एका मैदानात राहिले असते, तर हे घडणे कठीण होते. पण एवढे खरे, की ज्याने घर उभे केले त्याच्यासाठी ओसरीवर एक पाट मांडून ठेवणे कोणाला तरी सुचायला हवे होते. त्याला अधिकार नको असतो. नुसते ‘या, बसा’ हवे असते.

मग हा माणूस खचून घरात बसला काय? नाही, आणि म्हणूनच ही हकीगत सांगावीशी वाटली. नभोवाणीवर त्यांनी मुलाखतींचा कार्यक्रम केला; 1975 मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनाच समोर बसवले. एका सामन्याला ते मानाची खुर्ची सोडून ‘कॉप’ या गच्च भरलेल्या सज्ज्यात सामान्य प्रेक्षकांत जाऊन उभे राहिले. घरची कामे केली, पत्रांना उत्तरे दिली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आळीतल्या पोरांत मिसळून चेंडू खेळले. पोरे दारात येऊन, आजोबा खेळायला येताहेत का, अशी चौकशी करीत, असे सांगतात. ज्याने एका मोठ्या क्लबाचा संघ घडवला, तो शेजारच्या मोकळ्या जागेत शाळकरी मुलांबरोबर खेळतो, आणि तेही जिंकण्यासाठी! ज्या मैदानाला फाटक नव्हते, तिथे त्यांना कोणी अडवू शकत नव्हते.

डेव्हिड पीस या कादंबरीकाराने 2013 मध्ये ‘रेड ऑर डेड’ ही शँक्लींवरची कादंबरी लिहिली. तिचा दुसरा भाग निवृत्तीनंतरच्या साध्या दिवसांचा आहे. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातली समज मोठी वाटते. विजयाचे दिवस कोणीही रंगवील. रिकाम्या सकाळी माणूस काय करतो, हे पाहायला डोळा लागतो.

29 सप्टेंबर 1981 रोजी हृदयविकाराने शँक्ली गेले. वय अवघे 68. शरीर व्यायामाने कमावलेले, त्यामुळे लोकांना धक्काच बसला. 1982 मध्ये अॅनफील्ड मैदानाला त्यांच्या नावाचे लोखंडी फाटक बसवण्यात आले. नेसीनेच ते उघडले. क्लबाच्या आवडत्या गीताचे शीर्षक त्याच्यावर कोरलेले आहे. तुला एकट्याने चालावे लागणार नाही, असा त्याचा आशय. 1997 मध्ये पुतळाही उभा राहिला. फाटक सुरेख आहे, पुतळाही. पण 1975 च्या एखाद्या सकाळी, सरावाचा पोशाख घालून हा माणूस कुठे जावे या विचारात दारात उभा असेल, तेव्हा त्याला यातले काहीच उपयोगी पडणारे नव्हते.

दिवाळीच्या फराळाला घरी जमणाऱ्या मंडळींत एखादे नुकतेच निवृत्त झालेले काका असतील, मामा असतील. त्यांना ‘आता काय, आराम!’ असे म्हणण्याची घाई करू नका. त्यांच्या कामातली एखादी गोष्ट विचारा, आणि शेजारी नातवंडाला बसवा. हुद्दा कचेरीत जमा करावा लागतो. हातातली विद्या मात्र परत मागायला कोणी येत नाही.