लॅपटॉप घेताय? ‘आय-७’ नावावर जाऊ नका, पुढचा आकडा बघा

बारावी आणि सीईटीचे निकाल लागून ॲडमिशन सुरू झाले की तालुक्याच्या गावातील लॅपटॉपच्या दुकानांत गर्दी वाढते. इंजिनीअरिंग असो, बीसीएस असो की बीकॉम, लॅपटॉप पाहिजेच असं पोरांचं म्हणणं असतं. आणि दिवस नेमके खरिपाचे. बी-बियाणं, खतात पैसा जाऊन हात मोकळे झालेले असतात. अशात चाळीस हजारांची वस्तू घ्यायची म्हणजे कुणी शेळी विकतं, कुणी पाहुण्यांकडून उसने आणतं. मग दुकानदाराने वीस हजारांत ‘आय-७’ लिहिलेला जुना लॅपटॉप पुढे केला की बापाला तो स्वस्त वाटतो आणि पोराला भारी. फसगत इथेच होते.

आय-३, आय-५, आय-७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची नावं. ट्रॅक्टरचा जसा एचपी, तसाच हा आकडा, असा अनेकांचा समज आहे. पण नावापुढचा आकडा जास्त महत्त्वाचा. आय-७ ६६००यू यातला ६ म्हणजे सहावी पिढी. हा माल २०१५ सालचा, त्यात कोअर दोनच. आय-३ १२१५यू यातले १२ म्हणजे बारावी पिढी, त्यात कोअर सहा. म्हणजे नवा आय-३ त्या जुन्या आय-७ ला सहज मागे टाकतो.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. काही ठिकाणी जुगाड करून जुन्या मशीनवरही ११ टाकून देतात, मात्र त्यावर पुढचे अपडेट येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या लॅपटॉपवरून बँकेचं काम आणि महाडीबीटीचे फॉर्म भरायचे, त्यावर हा धोका कशाला? सेकंडहँड घ्यायचाच असेल तर आठव्या पिढीच्या खाली उतरू नये.

एएमडीच्या रायझनमध्ये तर गोंधळ आणखी बारीक आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दिसायला दहाचा फरक. पण पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. या ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा आतली खरी पिढी सांगतो. तिथे २ असेल तर रचना जुनी, ३ किंवा ४ असेल तर त्यापेक्षा नवी.

आता गेमचं. घरोघरी वाद यावरूनच होतो. पोराला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप हवा असतो. तो महाग, वजनाला जड, तापतो जास्त आणि बॅटरीही लवकर खातो. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जुनं क्रिकेट ०७ किंवा व्हाइस सिटी खेळायला त्याची गरज नाही. जीटीए ५ सुद्धा सेटिंग कमी करून प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालतं. बीजीएमआयसाठी लॅपटॉप मागत असेल, तर तो गेम अधिकृतपणे मोबाइलचाच आहे, हे आधी त्याला सांगावं.

मात्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. त्यामुळे रॅम किती याबरोबर ती कशी बसवली हेही बघावं लागतं. विहिरीत पाणी भरपूर आहे, पण पाइप एकच, तर शेताला पाणी हळूच जाणार. एका रॅमचं तसंच होतं. दोन पट्ट्या असल्या की दोन पाइप जोडल्यासारखं काम होतं आणि गेममध्ये फरक डोळ्याला दिसतो. इंटेलच्या आय-५ १२३५यू मध्ये एकच पट्टी असली तर ग्राफिक्सचं नाव ‘यूएचडी’ दिसतं, दुसरी घातली की तेच ‘आयरिस एक्सई’ होतं. म्हणून १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या. सध्या पैसे कमी असतील तर आठचा घ्यावा, पण दुसरी जागा रिकामी हवी. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि जादा जागा नसते. वर सांगितलेला ७५२०यू त्यातलाच, त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही.

हे सगळं दुकानातच दोन मिनिटांत तपासता येतं. लॅपटॉप चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, मेमरीवर गेल्यावर रॅमच्या किती जागा आहेत आणि किती भरल्यात तेही दिसतं. डिस्कपुढे एसएसडी लिहिलेलं पाहिजे, हार्ड डिस्क असेल तर सोडून द्यावा. ५१२ जीबी पुरते. अगदी स्वस्त लॅपटॉपात ६४ जीबीची ईएमएमसी असते, ती विंडोजच्या अपडेटनेच भरत येते. स्क्रीन फुल एचडी असावी. डॉस किंवा लिनक्सवाला लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण विंडोजचे पैसे नंतर वेगळे पडतात, हे हिशेबात धरावं.

पेन ड्राइव्हमधून फुकटचे गेम टाकून देणारे गावोगाव आहेत. त्यातून व्हायरस येतो आणि त्याच लॅपटॉपवर बापाचं बँक खातं उघडलेलं असतं.

लाइटचा प्रश्न. बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे व्होल्टेज थोडं कमी आलं तरी तो चालतो. खरी भीती लाइट येताना बसणाऱ्या झटक्याची. लाइट गेली की पिन काढून ठेवावी. लॅपटॉप पत्र्याच्या बॉडीचा असेल आणि हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर बहुतेक वेळा दोष घराच्या अर्थिंगचा असतो. वायरमनला बोलवावं, तीन पिनचा चार्जर दोन पिनमध्ये खोचू नये.

पक्कं जीएसटी बिल घ्यावं, त्यावर सिरीयल नंबर हवा. तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते मोबाइलवरच कळतं. माणूस घरी येऊन दुरुस्ती करणार की लॅपटॉप घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागणार, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.