रक्त तपासायला रक्तच!

वैरागच्या बाजारात दुकानदाराचा तराजू बरोबर आहे की नाही, हे तुम्ही कसे ओळखाल? सरकारी शिक्का असलेले एक किलोचे वजन पारड्यात ठेवून पाहाल. मग रक्तातील शिसे मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा कशी घ्यावयाची?

शिशाचा शरीराला काहीही उपयोग नाही; उलट मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते बाधक ठरते. अमेरिकेत २०२१ पासून मुलाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले, की त्याच्याकडे लक्ष पुरवितात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या हिशेबाने प्रौढ माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात १७५ मायक्रोग्रॅम शिसे भरेल. ज्वारीच्या एका दाण्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही ते कमीच!

यंत्र तपासण्यासाठी शिशाचा क्षार पाण्यात विरघळवून चालणार नाही का? नाही. रक्तात प्रथिने, लोह, क्षार असतात. त्यांच्यामुळे यंत्राला मिळणारा संकेत कमीजास्त होतो. शिवाय रक्तातील बहुतेक शिसे तांबड्या पेशींत असते. म्हणून येथे 'वजन'ही रक्ताचेच हवे. त्याला प्रमाणित संदर्भ द्रव्य म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने '९५५-सी' हे असे द्रव्य चक्क शेळ्यांच्या रक्तापासून तयार केले होते.

पण त्या रक्तातील शिसे आधी मोजले कसे? समजा, डब्यातील ज्वारीचे दाणे मोजावयाचे आहेत. रंगविलेले १,००० दाणे त्यात टाका, नीट मिसळा आणि मूठभर काढा. मुठीत ५०० दाणे निघाले व त्यांत ५ रंगीत असले, तर शंभरात एक दाणा रंगीत. म्हणजे डब्यात आता सुमारे १ लाख दाणे आहेत. गंमत अशी, की मिसळल्यावर थोडे दाणे सांडले तरी हे प्रमाण बदलत नाही!

निसर्गातील शिशाचे अणू २०४, २०६, २०७ व २०८ अशा चार वस्तुमानांचे असतात. त्यांना समस्थानिक म्हणतात. रक्तात जवळजवळ निव्वळ २०६चे शिसे मोजून मिसळतात. हेच आपले रंगीत दाणे. त्यामुळे २०६ व २०८ यांचे गुणोत्तर किती बदलले हे पाहिले, की मूळचे शिसे गणिताने निघते.

आता बाटलीवर १४ लिहिले आहे आणि यंत्र १८ दाखविते, असे समजा. मग त्या यंत्राचे अहवाल देऊन चालणार नाही. सुई, नळी की धूळ, दोष कोठे आहे ते आधी शोधले पाहिजे.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तेथील हवेतील शिसे आणि मुलांच्या रक्तातील शिसे यांचा संबंध तपासून २००१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी, २००० मध्येच, भारतात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले होते. पुढे मुलांच्या रक्तातील शिसे घटले का, हे ठरविताना जुने व नवे आकडे शेजारी ठेवावे लागतात. यंत्रे वेगळी, माणसे वेगळी. दोन्ही आकडे एकाच मापाशी ताडलेले नसतील, तर बदल रक्तात झाला की यंत्रात, हे कोण सांगणार?

घरी ज्वारीचा प्रयोग जरूर करून पाहा. चार वेगवेगळ्या मुठी घ्या. उत्तरे किती जुळतात, ते वहीत लिहा.