सरकारी वेबसाइट प्रत्येकाला उघडता आली पाहिजे

२०१९ सालची गोष्ट. एका सरकारी योजनेचा अर्ज भरायचा होता आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते. रात्री दुकान वाढवल्यावर मुलाच्या मोबाइलवर वेबसाइट उघडली. पहिल्या पानापुढे गाडी सरकेना. खाली एक ओळ होती की, हा अर्ज फक्त इंटरनेट एक्स्प्लोररवरच भरता येईल. दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत गेलो, तर तिथे एकच जुना कॉम्प्युटर आणि पुढे लांब रांग. नंबर लागला तोवर मुदत उलटून गेली होती. कागदपत्रे पूर्ण असूनही अर्ज हुकला.

ज्या एक्स्प्लोररसाठी एवढी धावपळ केली, त्याचा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीनेच १५ जून २०२२ रोजी बहुतेक कॉम्प्युटरवरून काढून घेतला. म्हणजे एका कंपनीच्या भरवशावर बांधलेले काम त्या कंपनीबरोबरच जुने झाले.

व्यापारी बांधवांना ही बाब सहज समजेल. माझे आजोबा कापड वारावर मोजत. वार ९१.४४ सेंटिमीटरचा, मीटर १०० चा. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि मीटर सर्वांचा झाला. मीटर कोणा एका गिरणीच्या मालकीचा नाही, म्हणून इचलकरंजीचा माल मालेगावात मोजताना तंटा होत नाही. वेबसाइटचेही तसेच माप असते. १९९४ साली टिम बर्नर्स-ली यांनी स्थापन केलेली डब्ल्यू थ्री सी ही संस्था ती मापे ठरवते आणि ती कोणालाही वाचायला व वापरायला खुली आहेत. त्या मापाने बांधलेले पान कोणत्याही कंपनीच्या मोबाइलवर उघडावे, अशी अपेक्षा असते.

लिपीचा प्रश्नही यातच येतो. मी उर्दू शाळेत शिकलो. उर्दू वर्तमानपत्रांची पाने कित्येक वर्षे इंटरनेटवर नुसती चित्रे म्हणून लागत. त्यात एखादा शब्द शोधायचा म्हटला तर सापडत नसे. मराठीची तऱ्हाही वेगळी नव्हती. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. तो आपल्याकडे नसला की परिपत्रकाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. यावर युनिकोड हा उपाय आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आणि अरबी दोन्ही लिप्या आहेत.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. २००९ साली केंद्राने सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक नियम काढले, त्याच वर्षी भारतीय भाषांसाठी युनिकोड ठरवले, आणि २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. नियमांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. अंधांनाही वाचन-यंत्राच्या मदतीने पान वाचता यावे, ही त्यातली महत्त्वाची अट आहे. नियम कागदावर आहेत. कसूर अंमलबजावणीत होते.

मग आपण काय करावे? आपण चरफडतो आणि एजंटला पैसे देऊन मोकळे होतो. एजंटचे काम चालते, वेबसाइट तशीच राहते. त्यापेक्षा पान अडले की त्याचा फोटो घ्या. तारीख, वेळ, मोबाइलचा प्रकार आणि ब्राउझरचे नाव लिहा. केंद्राचे खाते असेल तर पीजी पोर्टलवर आणि राज्याचे असेल तर 'आपले सरकार'वर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जपून ठेवा. केंद्राच्या खात्याला लिहिताना मार्गदर्शक नियमांच्या २०२३ च्या आवृत्तीचा उल्लेख अवश्य करा. मुदतीचे काम असेल तर त्याच दिवशी संबंधित कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. मी ती घेतली नाही, म्हणून माझ्यापाशी दाखवायला काही उरले नाही.

एकट्याच्या अर्जापेक्षा संघटनेच्या पत्राला वजन असते. कारखानदार आणि व्यापारी संघटनांनी आपल्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा.